बायाबाईच्या सरीतले जोड

आमच्या आंबागडच्या ढिवरांत मुलगी झाली की बाया तिचं नाक बघत नसत, रंग बघत नसत. गळा बघत. आमच्या घरच्या बायांचे गळे वयाबरोबर भरतात, अशी आमची पंचक्रोशीत ख्याती होती. तिशी उलटली की हनुवटीखाली गोलाई यायची आणि चांदीची सरी तिच्यावर अशी ऐटीत बसायची, की बाजारात बाया वळून बघायच्या. माझी आजी चंद्रभागाबाई म्हणायची, भरल्या गळ्याच्या बाईच्या घरचं भाताचं मडकं रितं होत नाही. आमचं मडकं चांगलं रितं व्हायचं, पण म्हणायला काय जातं! लोकांना शेताचा गर्व असतो, बैलजोडीचा असतो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. होता तो गळा, मग त्याचाच गर्व केला.

ही गोष्ट माझ्या आत्याची, बायाबाईची. माझे वडील तेजराम तिचे धाकटे भाऊ. तिला सिहोऱ्याला दिली होती. नवरा श्यामलाल चांदपूरच्या तलावात जाळं टाकायचा आणि ती बाजारात मासळी विकायची. मी रुखमिणी, तिची भाची आणि पुढे तिचीच सून. आमच्यात भावाच्या मुलीवर बहिणीच्या घरचा पहिला हक्क. मी जन्मले तेव्हा आत्या बाळंतिणीच्या खोलीच्या दारातूनच ओरडली होती, "हे माह्या खुशालची!" खुशाल तेव्हा शेंबूड पुसायच्या वयाचा होता. त्याला कोणी विचारलं नाही आणि मला तर विचारायचा प्रश्नच नव्हता.

आत्याच्या तोंडाला बाजार घाबरायचा. एकदा शाळेचे गुरुजी मरळ मासा उचलून उलटापालटा करत होते, दाबत होते, परत ठेवत होते. आत्या म्हणाली, "गुरुजी, मासा हाय तो. तुमचा विद्यार्थी नाही, किती पिळता?" गुरुजींनी मुकाट्यानं मासा घेतला. तिचा आवाज असा, की बाजाराच्या या टोकाला ती हसली तर त्या टोकाचा पानवाला मान वर करायचा. आणि बोलता बोलता एक हात कायम गळ्यातल्या सरीवर.

सरी म्हणजे गळ्याभोवती घट्ट बसणारं चांदीचं कडं. माळेसारखी ती लोंबत नाही. गळा भरला की ती आवळू लागते. मग तुमसरच्या सोनाराकडे जायचं. तो ती कापून मधे चांदीचा तुकडा झाळून द्यायचा. त्या तुकड्याला आम्ही जोड म्हणायचो. आत्याची सरी तिच्या आजीची. आजीकडून आईच्या गळ्यात आली, आईकडून एकुलती लेक म्हणून हिच्या. तिची आई चंद्रभागाबाईही भाचीच सून होऊन आलेली, म्हणजे आमचं रक्त घरातल्या घरात फिरत होतं आणि त्याच्याबरोबर सरीही. जुन्या चांदीत नवे जोड वेगळे चमकायचे. ज्या बाईच्या सरीला जोड जास्त, तिचा मान जास्त.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या सुमारास आत्याचा गळा भरू लागला. तिनं सोनाराकडून जोड घालून आणला आणि शेजारपाजारच्या बायांना पोहे-चहा दिला. गावात आरोग्याचं शिबिर लागलं होतं, तिथल्या डॉक्टरांनी गळा बघून गलगंड सांगितला आणि आयोडिनचं मीठ खायला सांगितलं. त्यांना मी दोष देत नाही. आमच्या भागात गलगंडाच्या बाया इतक्या, की बघणाऱ्याला दुसरं काय सुचणार? आत्या मात्र चिडली. "गलगंड असन तुमच्या घरी," ती शिबिरातून बाहेर येता येता म्हणाली. "आमचा तं भरला गळा हाय." मीठ तिनं आणलं आणि झिंगे वाळवायला वापरलं.

तिचं पोट नेहमी नाजूक. विकता विकता पाटी शेजारणीवर सोपवून ती लोटा घेऊन धावायची. तेही घराण्याचंच समजत. आजीचंही तसंच होतं. गळा भरला आणि पोट सुटलं, यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नाही.

पुढे तिचा आवाज बसला. एक्क्याऐंशी साल असेल. बाजारात तिची हाक पानवाल्यापर्यंत पोचेना. कानाखाली, गळ्याच्या बाजूला, कच्च्या सुपारीसारखी टणक गाठ आली. भरला गळा असा बाजूला, कानापाशी कसा भरेल? इथं तिचंही मन चरकलं. खुशाल तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला आणि सोबतीला बाई हवी म्हणून मला नेलं. मी तेव्हा सतरा-अठराची. दहावीत एकदा आपटले होते आणि घरी बसले होते.

गाठीत सुई घालून तपासलं आणि ऑपरेशन ठरलं. सरी काढायची वेळ आली तेव्हा आत्यानं वॉर्ड डोक्यावर घेतला. सुरीची भीती नव्हती तिला, रिकाम्या गळ्याची होती. शेवटी मी सरी फडक्यात बांधून माझ्या उशाशी ठेवली, तेव्हा ती स्ट्रेचरवर चढली. डॉक्टरांनी गळ्यातली सगळी ग्रंथी काढली, बाजूच्या गाठीही काढल्या. शुद्धीवर आल्यावर घोगऱ्या आवाजात तिनं पहिलं विचारलं, "सरी कोठी हाय?"

काही दिवसांनी रिपोर्ट आला. तो घेऊन एक डॉक्टरीणबाई आल्या. बारीक अंगाच्या, मोठ्या चष्म्याच्या, बोलताना घाई न करणाऱ्या. गळ्याच्या ग्रंथीचा कॅन्सर आहे म्हणाल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही ग्रंथीचाच कॅन्सर होता आणि तिला मुंबईला पाठवून आयोडिनचं औषध पाजणार होते. आत्यानं लगेच विचारलं, "मंग मले काहून नाही पाजत? आमी पैसेवाले नाही म्हनून?"

"तसं नाही, बायाबाई," त्या खाटेच्या कडेला बसल्या. "या ग्रंथीत आयोडिन खाणाऱ्या पेशी असतात. तिचा आजार त्या पेशींचा. म्हणून आयोडिनच्या औषधातून विष दिलं की त्या ते खातात आणि मरतात. पण त्यांच्यामधे थोड्या वेगळ्याच पेशी असतात. त्यांना आयोडिनशी काही देणंघेणं नाही. तुमचा आजार त्यांचा. त्याला मीठही लागू पडत नाही आणि ते औषधही नाही. त्याला फक्त सुरी, आणि तीही वेळेवर. असा कॅन्सर क्वचितच दिसतो. तुमचं पोटही त्यानंच बिघडत होतं. आता नीट आठवून सांगा. तुमच्या माहेरी आणखी कोणाच्या गळ्याला गाठ होती?"

"नाही जी," आत्या म्हणाली. "कोनालेच नाही."

ती खोटं बोलली नाही. गाठ म्हणजे रोग, आणि आमच्या घरी रोग कुठं होता? थाट होता. मीही बाजूला उभी राहून होकाराची मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी तसं कागदावर लिहिलं आणि गेल्या.

टाके सुकत आले तेव्हा आत्यानं सरी मागितली. मी ती हलक्या हातानं तिच्या गळ्यात घातली. ती घसरत खाली आली आणि गळपट्टीच्या हाडांवर जाऊन पडली, रिकाम्या विहिरीच्या काठावरच्या दोरासारखी. आत्याला हसू आलं. हसताना टाके ओढले जायचे, म्हणून ती गळ्याला हात लावून हसत होती.

"पाह्य वं रुखमे, गळा गेला न् सरी राह्यली. आता सोनाराले जोड काढाले सांगा लागन."

डॉक्टरीणबाई शेजारच्या खाटेपाशी होत्या. वळून त्यांनी विचारलं, "जोड म्हणजे काय?"

एवढं विचारायचाच अवकाश. आत्याला बाजार मिळाला. तिनं सरी काढून त्यांच्या हातात दिली आणि बोट ठेवून ठेवून सांगू लागली. "हा जोड माह्या आजीच्या वक्ताचा. हे दोन मायच्या वक्ताचे. हे माहे. आमच्या घरच्या बायाइचे गळे भरतेतच न, बाई. देवाची देन हाय. लोकं नजर लावतेत म्हनून आमी सांगत नाही कोनाले."

डॉक्टरीणबाईंनी सरी खिडकीशी नेली. उजेडात एकेक जोड बघितला. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"आजी कशानं गेली?"

"पोट सुटलं न् सुकत गेली."

"आणि आई?"

"मायचा आवाज बसला होता. मंग पानी घशाखाली उतरे ना." एवढं म्हणून आत्या थांबली. तिचाच घोगरा आवाज तिच्या कानावर पडला असावा.

"भाऊ-बहीण?"

"एक भाऊ. तेजराम. ह्या पोट्टीचा बाप."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला जवळ बोलावून त्यांनी गार बोटांनी माझा गळा चाचपला, थुंकी गिळायला लावली, पुन्हा चाचपला. हाताला काही लागलं नाही. मग त्यांनी आम्हाला समजावलं, की हा कॅन्सर काही घराण्यांत आईबापाकडून मुलांकडे जातो. मुलगा असो की मुलगी, नाणं फेकल्यासारखं, कोणाला येईल, कोणाला येणार नाही. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं पाहिजे. त्या पेशी रक्तात एक पदार्थ सोडतात, म्हणून हाताला गाठ लागायच्या आधी रक्तात कळतं.

त्या गेल्यावर आत्या कितीतरी वेळ सरी मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "रुखमे, मंग तो थाट नव्हताच का वं?" मी तिला पाणी दिलं.

गावी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात ती आंबागडला आली. माझ्या वडिलांना म्हणाली, चल, रक्त दे, पोरीचंही दे. वडिलांनी गळ्याभोवतीचा दुपट्टा आणखी एक वेढा घेऊन आवळला. "मले काय झालं? बायकाचे गळे भरतेत, मानसाचे कोठी भरतेत?" विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता संपला.

ताकाला जाऊन भांडं लपवायचा आत्याचा स्वभाव नव्हता, पण तेव्हा तिनं तेही केलं. खुशालच्या आणि माझ्या लग्नाचं लुगडं बघायला म्हणून ती आम्हा दोघांना नागपूरला घेऊन गेली आणि सीताबर्डीच्या बाजाराऐवजी सरळ दवाखान्यात नेलं. लघवीसुद्धा मोठ्या बाटलीत दिवसभर साठवायला लावली. होणाऱ्या नवऱ्यासमोर ती बाटली घेऊन हिंडणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. रक्त मुंबईला जाणार होतं आणि ते बर्फात ठेवून न्यायचं होतं, नाहीतर खराब होतं. हे मात्र आत्याला लगेच पटलं. रक्त नेणाऱ्या नोकराला तिनं दम दिला, "भुसा टाक वरून, बर्फ टिकते. आमी मासोळी तशीच धाडतो." लुगडं घेतलंच नाही. परतीच्या बसमध्ये मी तिच्याशी बोलले नाही.

निकाल आला. खुशालचं रक्त साफ होतं. माझ्या रक्तात तो पदार्थ वाढलेला होता.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. आत्ता ग्रंथी काढली तर आजार मुळासकट जाईल अशी खूप आशा आहे. आयुष्यभर रोज एक गोळी घ्यावी लागेल, एवढंच. हाताला गाठ लागेपर्यंत थांबलो तर बायाबाईंसारखं होईल, मग आम्हाला त्याच्या मागे धावावं लागेल. लवकर ठरवा.

लवकर ठरवा म्हणणं सोपं आहे. मला काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. मी रोवणीला जात होते, दिवसभर चिखलात वाकत होते, संध्याकाळी पाणी भरत होते. असा धडधाकट गळा कापून घ्यायचा? वडील तर भडकलेच. नागपूरला फसवून नेल्याचा राग होताच, त्यात ही भर. भावाबहिणीचं असं भांडण मी पुन्हा पाहिलं नाही.

"मोडाची असन सोयरीक तं सरळ मोड, बाई," वडील म्हणाले. "माह्या पोरीले खोट कायले लावतं? गळा कापलेल्या पोरीले कोन पुसन?"

"मी पुसन. माह्याच घरी तं येऊन राह्यली."

"मंग तशीच ने. जशी हाय तशी. लग्नाच्या आंधी तिच्या गळ्याले सुरी लागू देनार नाही मी."

आत्यानं त्यांच्याकडे टक लावून बघितलं. मला वाटलं आता ती शिव्या देणार. तिनं एवढंच म्हटलं, "बरं. तिथी काढ."

वडिलांना वाटलं आपण जिंकलो. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं. त्र्याऐंशीच्या वैशाखात लग्न झालं. आमच्यात सून उंबरा ओलांडून आली की सासू आपली सरी तिच्या गळ्यात घालते. सगळ्या बाया त्यासाठीच थांबल्या होत्या. आत्यानं माझी ओटी भरली, कुंकू लावलं, तोंडात साखर घातली आणि बाजूला झाली. सरी काढलीच नाही. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. भाची सून केली पण मनातून नाही केली, असं कोणीतरी मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणालं. मी अशी रडले, की काजळ हनुवटीपर्यंत आलं.

लग्नानंतर नव्या नवरीला माहेरचे लोक परत न्यायला येतात. त्याला आमच्याकडे मांडव परतणी म्हणतात. वडील मागून आणलेली रेंगी जुंपून, बैलांना झुली घालून आले. मी पेटी भरून तयार बसले होते. मला कधी एकदा आईच्या कुशीत जाऊन सासूची गाऱ्हाणी सांगते असं झालं होतं. आत्या पेटी उचलून अंगणात आली आणि रेंगीत ठेवण्याऐवजी तिनं ती खुशालच्या सायकलवर ठेवली.

"हे काय होय, बाई?" वडिलांनी विचारलं.

"नागपूरची गाडी सुटून राह्यली. आमाले जाचं हाय."

"अवं, मांडव परतनी हाय आज!"

"कालवर तुह्या घरची होती, तं तुले विचारलं," आत्या म्हणाली. आवाज घोगरा, पण आता तो चढत होता. "आता हे माह्या घरची हाय. आता मी कोनाले विचारनार नाही. गळा दाखवून आनतो, मंग ने तुही पोरगी. चांगली म्हातारी होईपर्यंत नेत राह्य."

तेव्हा वडिलांना कळलं, की तिथी काढ असं ती का म्हणाली होती. मलाही तेव्हाच कळलं. वडील रेंगीच्या चाकाला धरून उभे राहिले. ते अडवू शकत नव्हते. दिलेली मुलगी होती. जात-पंचायत बसली असती तरी तिनं आत्यालाच कौल दिला असता.

पण गळा माझा होता आणि मी अजून हो म्हटलं नव्हतं. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. भंडारा गेलं, मौदा गेलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला बसवलं आणि मलाच विचारलं, "रुखमिणी, तुझं काय म्हणणं आहे?"

"मले नाही करायचं," मी म्हटलं. "मले काही झालंच नाही."

खुशाल भिंतीला टेकून उभा होता, तो जमिनीकडे बघू लागला. मला वाटलं आत्या आता मला फाडून खाणार. ती उठली. माझ्यासमोर बसली. डोक्यावरचा पदर तिनं खाली घेतला, माझा हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. जुन्या व्रणाच्या वर, कानाच्या खाली. तिथं पुन्हा एक गाठ आली होती. आणि तिच्या शेजारी दुसरी, बारीक.

"कधीपासून?" डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्या. "बायाबाई, बोलला का नाहीत?"

"सांगतलं असतं तं सबन माह्याच मांगं लागले असते. हिचं राहून गेलं असतं." मग ती माझ्याकडे वळली. माझा हात तिनं तसाच दाबून धरला होता. "माहा गळा मी मिरवला. मायनं मिरवला, आजीनं मिरवला. कोनी सांगाले नव्हतं. तुले सांगाले मी हावो. माहं राहून गेलं, रुखमे. तुहं नको राहू देऊ."

मी कागदावर सही केली. दहावी आपटले असले तरी सही झोकात करायचे. त्या दिवशी ती वाकडी आली.

माझ्या ग्रंथीत दोन्ही बाजूंना ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान अशी एकेक गाठ निघाली. बाहेर कुठं काही पसरलं नव्हतं. डॉक्टरीणबाई रिपोर्ट वाचताना हसल्या, आणि मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. आठवडाभर बोटांना मुंग्या यायच्या, कॅल्शियम देऊन त्या थांबल्या. आत्याचं पुन्हा ऑपरेशन केलं त्यांनी, जेवढं निघालं तेवढं काढलं. सासू आणि सून शेजारशेजारच्या खाटांवर, दोघींच्या गळ्याला पट्ट्या. बघायला येणारे आमच्याकडे बघून आपल्या गळ्याला हात लावायचे.

वडील आले ते दाराशीच थांबले. माझा गळा बघून त्यांचे डोळे भरले. आत्यानं त्यांना जवळ बोलावलं, आणि ते वाकताच त्यांच्या गळ्यातला दुपट्टा ओढून काढला. दुपट्ट्याखाली उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती. आम्ही सगळे बायांचे गळे मोजत बसलो होतो. पुरुषांना सरी नसते, त्यांच्या गळ्याकडे बघतो कोण! माझ्या रक्तात ते आलं तेही त्यांच्याकडूनच, काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांना गाठ ठाऊक होती. कापून घ्यायला लागेल या भीतीनं ते गप्प होते, आणि मला कापू दिलं असतं तर त्यांनाही दाखवावं लागलं असतं. राग करावा असंच होतं ते. पण आत्यानं केला नाही. तिनं त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "भेवू नको, बापू. तिसरी खाट टाकू." वडिलांचंही ऑपरेशन झालं. ते पुढे बरीच वर्षं जगले, गोळी घ्यायला कटकट करत.

पुढच्या वर्षी आत्या मला तुमसरला सोनाराकडे घेऊन गेली. सरी त्याच्यापुढे ठेवली आणि सगळे जोड काढायला सांगितले. सोनार जुना माणूस. म्हणाला, "बायाबाई, एवढे काढले तं हे लहान होईन. उद्या सुनेचा गळा भरला तं परत माह्याकडंच याल."

"भरत नाही आता," आत्या म्हणाली. "मी भरू नाही देल्ला."

तिथंच, दुकानाच्या पायरीवर, तिनं ती सरी माझ्या गळ्यात घातली. व्रणाच्या थोडी वर ती नीट बसली. जोडांसकटची सरी तिनं लग्नात का घातली नव्हती, ते मला तेव्हा कळलं. काढलेल्या जोडांच्या चांदीचे तिनं वाळे करून घेतले आणि माझी मुलगी झाली तेव्हा तिच्या पायात घातले.

शेवटच्या वर्षांत आत्यानं एक नवीनच रीत पाडली. आमच्यात मोठ्यांच्या पाया पडलं की ते डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. आत्या डोक्यावर हात ठेवायची नाही. वाकलेल्या माणसाचा गळा चाचपायची. भाचे, पुतणे, त्यांची पोरं, पोळ्याला, दिवाळीला, जो येईल त्याचा. गालाखालून, कानाखालून, हळूहळू, मासळी निवडताना फिरायची तशीच बोटं. "गिळ," म्हणायची. गिळलं की "जाय, खेळ." पोरं गुदगुल्या होऊन हसायची. तिच्या चुलत घरातल्या दोघांना या बोटांनीच नागपूरला धाडलं. माझ्या मुलीचं रक्तही तिनंच बर्फात घालून पाठवलं, आणि ते साफ आलं त्या दिवशी आख्ख्या मोहल्ल्याला मरळ खाऊ घातली. माझा गळा ती रोज चाचपायची. सकाळी गोळी हातावर ठेवायची आणि दुसऱ्या हातानं गळा. मला कंटाळा यायचा. चूल पेटवायची असायची, पोरगी रडत असायची, आणि ही आपली, "थांब. गिळ."

तिचा आजार मात्र मागे राहिलेला होता तो राहिलाच. तो हळू चालतो, पण चालत राहतो. यकृतात गेला, हाडांत गेला. पुन्हा पोट सुटलं, आवाज पार गेला. अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास, धान निसवत होतं तेव्हा, ती गेली. बायांनी तिला आंघोळ घातली, हळद लावली. आंबागडहून आलेली एक म्हातारी तिचा गळा बघून रडली, "माय वं, केवढा बारीक झाला बायाचा गळा!"

मग सून म्हणून मला पुढे बोलावलं. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि सवयीनं मान वर करून, गळा पुढे करून तशीच थांबले. थांबले, थुंकी गिळली, तरी हात काही आला नाही. शेवटी खुशालनं मला उठवलं.